आकडा आला कुठून?

माधवनगरपासून सांगली किती लांब? हा प्रश्न दहा जणांना विचारून बघा. एक जण किलोमीटरमध्ये सांगेल, दुसरा मिनिटांत, तिसरा रिक्षाच्या भाड्यात. आणि ज्याच्याकडे गाडी नाही तो म्हणेल, "लांबच आहे राव!" सगळ्यांचंच बरोबर! चूक उत्तरात नाही, प्रश्नात आहे. 'लांब' म्हणजे काय आणि ते कशाने मोजायचं, हे आधी ठरलंच नव्हतं.

संख्यात्मक संशोधन, म्हणजे आपल्या भाषेत क्वांटिटेटिव्ह रिसर्च, इथूनच सुरू होतं. ते ग्राफपासून सुरू होत नाही, सॉफ्टवेअरपासून तर नाहीच नाही. पण आपल्याकडे गाडी नेमकी उलटी धावते. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलवर काय चालतं, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर सरांनाही ठाऊक आहे. आधी निष्कर्ष ठरतो, मग त्याला शोभेल असा रंगीत ग्राफ ठरतो आणि सगळ्यात शेवटी, रात्री दोन वाजता, आकडे 'गोळा' होतात. शंभर जणांचा सर्व्हे एकाच खोलीत, तीन मोबाइलवर आणि दोन कप चहावर उरकतो. ग्राफ सुरेख येतो. गाइड सर मान डोलावतात. एक्स्टर्नल पान उलटतात. झालं, प्रोजेक्ट पास!

यात कुणाचं काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बिघडतं, आणि खूप बिघडतं. ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. पण त्याआधी थोडी बाराखडी.

चल म्हणजे काय?

व्हेरिएबलला मराठीत 'चल' म्हणतात. हॉस्टेलवर हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो ("चल, चहाला!"), पण इथे त्याचा अर्थ 'जे बदलतं आणि मोजता येतं ते' असा आहे. ज्याचा परिणाम तपासायचा तो स्वतंत्र चल. ज्याच्यावर परिणाम होतो तो अवलंबी चल. आणि या दोघांच्या मध्ये गुपचूप लुडबूड करणारे बाकीचे सगळे. त्यांना आवरलं नाही, तर सगळा अभ्यास पाण्यात.

समजा, मेसमध्ये अन्न वाया जातं, याचा अभ्यास करायचा आहे. तुमचा संशय वांग्याच्या भाजीवर आहे. भाजी कोणती, हा झाला स्वतंत्र चल. ताटात उरलेल्या अन्नाचं वजन किलोमध्ये, हा झाला अवलंबी चल. महिनाभर वजन केलं आणि वांग्याच्या दिवशी जास्त अन्न उरलं असं दिसलं. सुटलं का कोडं? थांबा! वांग्याची भाजी जर नेमकी शनिवारी होत असेल आणि शनिवारी निम्मी पोरं गावाकडे जात असतील, तर? स्वयंपाक सगळ्यांचा, जेवणारे निम्मे. अन्न उरलं ते शनिवारमुळे, आणि फाशी मात्र वांग्याला! म्हणून भाजीचे वार बदलून बघायचे, जेवणाऱ्यांची डोकी मोजायची आणि एकूण उरलेल्या अन्नाऐवजी दरडोई उरलेलं अन्न काढायचं. यालाच कंट्रोल म्हणतात. यात अवघड काहीच नाही, फक्त आधी विचार करावा लागतो.

दुसरी गोष्ट, सगळे आकडे एका जातीचे नसतात. खोली नंबर २०४ हा आकडा दिसतो खरा, पण ते नाव आहे. हॉस्टेलच्या खोल्यांच्या नंबरांची सरासरी काढली तर लोक हसतील. परीक्षेतला पहिला, दुसरा, तिसरा नंबर हा क्रम आहे. त्यात कोण पुढे ते कळतं, किती पुढे ते कळत नाही. अंश सेल्सिअसमधलं तापमान त्याच्या पुढचं. त्यात फरक मोजता येतो, पण ४० अंश म्हणजे २० अंशाच्या दुप्पट उष्णता नव्हे. वजन, लांबी, वेळ यांत खरं शून्य असतं, म्हणून तिथे दुप्पट-तिप्पट म्हणता येतं. आपल्या प्रश्नावल्यांत मात्र 'खूप समाधानी' ते 'अजिबात नाही' अशा पाच खुणांना पाच आकडे देऊन सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत काढली जाते. 'समाधानी' आणि 'खूप समाधानी' यांच्यातलं अंतर कुठल्या पट्टीने मोजलं, हे कुणीच विचारत नाही.

तुलना कशाशी?

तुलनेशिवाय आकडा मुका असतो. याचं आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांचे मृत्यू कमी करण्यासाठी गावातल्याच बायकांना शिकवून बाळाची काळजी घरच्या घरी घेण्याची पद्धत बसवली. पण नुसती पद्धत सुरू करून 'फरक पडला' असं ते म्हणाले नाहीत. ३९ गावांत ही पद्धत सुरू केली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. दोन्हीकडे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला. आधीची दोन वर्षंही मोजून ठेवली होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. जगाने ते मान्य केलं, कारण ती ४७ गावं तिथे होती. ती नसती, तर 'त्या वर्षी पाऊसपाणी बरं होतं, म्हणून मृत्यू घटले असतील' असं म्हणायला कुणीही मोकळा होता.

आता घराजवळ या. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ फुटांच्याही वर. पुराला कारण काय, यावर चहाच्या टपरीवर रोज निकाल लागतो. कुणी कोयनेचा विसर्ग म्हणतो, कुणी अलमट्टीची फूग म्हणतो, कुणी पूररेषेतली बांधकामं म्हणतो. अडचण अशी, की घाटावर पाऊस कोसळला की हे सगळे चल एकदमच हलतात. कोयनेतून पाणी सुटतं, वारणा फुगते, धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं पाणी नदीत येतं आणि खाली अलमट्टीही भरत असते. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला आणि त्यात पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. ते अनेकांना पटलं नाही आणि वाद चालूच राहिला. आपण सिव्हिलचे असू वा कॉम्प्युटरचे, या वादात पडायचं तर घोषणा घेऊन पडू नये. कोणता चल स्थिर धरला, कोणता मोजला, कुठे मोजला आणि किती तासांनी, हे प्रश्न घेऊन पडावं. कारण उत्तर चुकलं, तर पुढच्या पुरात पाणी कुणाच्या तरी घरात शिरणार आहे.

दोन सातारकर

या विषयात आपल्या सातारा-सांगलीच्या मातीचा अधिकार मोठा आहे, हे किती जणांना माहीत आहे? पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. लंडनला जाऊन १९३६ मध्ये त्यांनी संख्याशास्त्रात पीएच.डी. मिळवली. पुढे शेतीच्या उत्पादनाचा अंदाज कसा घ्यावा, यावर काम केलं. त्या काळी शेतात एक छोटा गोल आखून त्यातलं पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून सगळ्या शेताचा उतारा काढायचा, अशी एक पद्धत होती. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की गोल फार लहान असला की उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो.

का? कारण कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. आपल्याला तर हे गणित सोपं आहे. वर्तुळाचा परिघ भागिले क्षेत्रफळ म्हणजे २/त्रिज्या. त्रिज्या निम्मी केली की कड दुप्पट महत्त्वाची होते आणि चूकही वाढते. आणि महत्त्वाचं म्हणजे, असे हजार गोल आखले तरी ही चूक जात नाही, कारण ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला झुकते. 'सँपल साइज वाढवला की सगळं ठीक होतं' असं समजणाऱ्यांनी हे लिहून भिंतीवर लावावं. हा जुना इतिहास आहे असंही समजू नका. पीक विम्याची भरपाई ठरवताना आजही पीक कापणी प्रयोगाचे आकडे लागतात. तिथे उतारा जास्त लिहिला गेला, तर नुकसान झालेल्या शेतकऱ्याला पैसे मिळत नाहीत. आपल्यातल्या कित्येकांची घरं त्याच शेतीवर चालतात.

दुसरे सातारकर वि. म. दांडेकर, जन्म १९२०. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास केला, तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. 'गरीब' हा शब्द सगळे वापरतात, पण गरिबी मोजायची कशाने? त्यांनी माणशी रोज २२५० कॅलरी हा आधार धरला, तेवढं अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर मिळतं ती रेषा ठरवली आणि १९६०-६१ च्या आकड्यांवरून सांगितलं, की खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं त्या रेषेच्या खाली आहेत.

यावर सुखात्म्यांनी आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाची अन्नाची गरज हा एक ठाम आकडा नव्हे. तोच माणूस, तेच काम, तरी त्याची गरज आणि आहार दिवसागणिक बदलतो. सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरला, तर उपाशी माणसांची संख्या फुगते. दांडेकरांनी उत्तर दिलं, की कुपोषण वेगळं आणि गरिबी वेगळी. गरिबाला पोट असतं, तसा कपडा, निवारा आणि आजारपणही असतं. दोघे दिग्गज, दोघे सातारा जिल्ह्यातले, आणि वाद कशावर? तर चल कोणता धरायचा आणि सीमा कुठे आखायची यावर! रेषा थोडी खाली सरकवली की कोट्यवधी माणसं कागदावर गरिबीतून बाहेर पडतात. त्यांच्या ताटात मात्र एक घासही वाढलेला नसतो.

दांडेकर बरोबर की सुखात्मे, यावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. माझ्या मते आपण शिकायची गोष्ट वेगळी आहे. दोघांनीही आपला आकडा कुठून आला, हे उघड सांगितलं होतं, म्हणून त्यांच्याशी भांडता आलं. रात्री दोन वाजता तयार झालेल्या आकड्याशी भांडताही येत नाही!

मग करायचं काय?

कुणी म्हणेल, "आम्हाला कंपनीत जायचंय, संशोधक थोडंच व्हायचंय!" अरे बाबा, कंपनीत तरी काय आहे? शाफ्टचा व्यास कुठल्या तापमानाला मोजला, काँक्रीटचा क्यूब किती दिवसांचा होता, सर्व्हरचा वेग गर्दीच्या वेळी बघितला की पहाटे, हे सगळे चलच आहेत. क्यूबचा रिझल्ट मनाने लिहिणारा हात हॉस्टेलच्या सर्व्हेवरच तयार होतो.

कुणी म्हणेल, वेळ नसतो. हे मात्र खरं आहे. एका सेमिस्टरमध्ये शंभर माणसांपर्यंत पोचणं सोपं नाही. मग वीसच घ्या! पण खरे घ्या, ते कसे निवडले ते लिहा, आणि वीस जणांवरून अख्ख्या सांगली जिल्ह्याबद्दल बोलू नका. फक्त आपल्या विंगमधल्या मित्रांना विचारलं असेल, तर तसंही लिहा. लहान आणि खरा अभ्यास हा मोठ्या आणि खोट्या अभ्यासापेक्षा केव्हाही इंजिनिअरिंगच्या जवळचा.

आणि सरांना, मॅडमना एक नम्र विनंती. खोटे आकडे विद्यार्थी तयार करतात हे खरं, पण गुळगुळीत ग्राफची मागणी कुठून येते? 'आमच्या प्रयोगात अपेक्षित फरक दिसला नाही' असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या गटाला जर कमी मार्क मिळणार असतील, तर पुढच्या वर्षी त्यांचे ज्युनिअर काय शिकतील? फरक न दिसणं हाही निष्कर्षच आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, आभाराच्या पानानंतर लगेच, एक पान सक्तीचं करावं. त्यावर चारच ओळी असाव्यात. काय मोजलं? कशाने मोजलं? कुणाचं किंवा कशाचं मोजलं, आणि ते निवडलं कसं? काय मोजायचं राहून गेलं? व्हायव्हा या पानापासून सुरू व्हावा, पीपीटी नंतर. कच्च्या नोंदींची वही, डाग पडलेली आणि खाडाखोड केलेली असली तरी, टेबलावर असावी. खाडाखोड असलेली वही बघून एक्स्टर्नलनी नाक मुरडू नये. खरं मोजमाप असंच दिसतं.

सुरुवात मेसपासूनच करू या. एक वजनकाटा, एक वही आणि एक महिना. आणि हो, वांग्याच्या भाजीला निकाल लागेपर्यंत निर्दोष समजावं!