हौद्याला लेप लावण्याआधी

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद-वेरूळकडे निघाले की छावणी मागे पडते आणि पडेगाव लागते. या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहा. लहान मालमोटारींची, म्हणजे ज्यांना आपण ‘पिकअप’ किंवा ‘छोटा हत्ती’ म्हणतो त्यांची, रांगच तुमच्यासमोरून जाईल. कोणात खुलताबाद-कन्नडकडचे आले, कोणात मका, कोणात खताच्या गोण्या, कोणात वाळू, सिमेंट नाही तर लोखंडी सळया. पडेगावातच महापालिकेने कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प उभारला, तेव्हा ओला कचरा वाहणाऱ्या गाड्याही या रस्त्याला नव्या नाहीत. गाडीच्या दर्शनी बाजूला झगझगीत रंग, नक्षी, देवाचे नाव, लिंबू-मिरची असा थाट असतो. तुम्ही मात्र एखादी गाडी उभी असताना, मालकाला विचारून, मागच्या हौद्यात डोकावून पाहा. रंग घासून गेलेला, पत्रा चेपलेला आणि कोपऱ्यांत तांबूस गंजाचे पापुद्रे सुटलेले, असे दृश्य पुष्कळदा दिसेल.

या हौद्याला वाचवण्यासाठी हल्ली बाजारात जाडसर लेप मिळतात. एका डब्यात राळेसारखे दाट द्रव्य, दुसऱ्यात ते घट्ट करणारे ‘हार्डनर’; दोन्ही कालवायचे आणि रोलरने घरच्या घरी हौद्याला फासायचे. काहींत रबराचे बारीक कण असतात, त्यामुळे पृष्ठभाग खरखरीत होतो आणि माल घसरत नाही. कल्पना उत्तम आहे. पण आपण लेपाकडे ज्या दृष्टीने पाहतो ती दृष्टी चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला वाटते, संरक्षण डब्यात असते. खरे म्हणजे निम्म्याहून अधिक संरक्षण डबा उघडण्यापूर्वीच्या कामात असते. आणि ते काम टाळून लावलेला लेप हौद्याला वाचवत तर नाहीच, उलट त्याचा नाश आपल्या नजरेआड करतो.

हे पटण्यासाठी आधी गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, एवढे तुम्ही शाळेत शिकला आहात. पण यातली खरी गंमत केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी एका साध्या प्रयोगाने दाखवली. त्यांनी लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. तुम्ही म्हणाल, थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते, तेव्हा लोखंड तिथेच झिजत असेल. घडते ते नेमके उलट! कडेला ऑक्सिजन भरपूर, मध्यभागी कमी. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात विरघळतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत कडेला जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. थेंब म्हणजे एक छोटी विद्युत घटमालाच झाली म्हणा ना! गंजाचे कडे दिसते एका जागी आणि पत्रा खड्डा पडून झिजतो दुसऱ्या जागी.

आता हे हौद्याला लावून पाहा. ओल्या मातीचा गोळा, सडलेल्या पाल्याचा थर, रबरी चटईखाली अडकलेले पाणी, या सर्वांच्या खाली ऑक्सिजन कमी असतो. म्हणजे जिथे आपली नजर पोचत नाही नेमका तिथेच पत्रा खाल्ला जातो. त्यात क्षार मिसळले की पाण्यातून वीज वाहणे सोपे होते. शेतकरी ज्याला पोटॅश म्हणतो ते खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊच. ओल्या कचऱ्यातून पाझरणाऱ्या पाण्यात आंबण्यातून तयार झालेली आम्ले असतात. आपल्या भागात पाऊस बहुतेक चारच महिने पडतो हे खरे, पण क्षार चिकटलेला हौदा हवेतला दमट ओलावाही धरून ठेवतो.

लेप काय करतो? तो पाणी, क्षार आणि ऑक्सिजन यांना पत्र्यापासून दूर ठेवतो आणि वरचे घर्षण स्वतः सोसतो. पण रंगाचा कोणताही पातळ थर पूर्णपणे जलाभेद्य नसतो. पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत शिरतेच. खाली पत्रा स्वच्छ असेल तर तिला फारसे काही करता येत नाही. खाली जुना गंज आणि क्षार असतील तर मात्र परासरण सुरू होते. पाण्यात टाकलेला बेदाणा कसा फुगतो ते तुम्ही पाहिले आहे. तसेच क्षार पाणी ओढून घेतात आणि लेपाखाली फोड येतात. शिवाय झिजलेल्या लोखंडापेक्षा गंजाला दुपटीहून अधिक जागा लागते. तो आतून लेपाला रेटत राहतो. वरून हौदा काळाभोर, नवा कोरा; आणि एके दिवशी सळयांच्या भाराने तळच फाटतो. वरून कीर्तन आतून तमाशा, ही म्हण रसायनशास्त्रालाही लागू पडते ती अशी.

आपल्या जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. घरी आजी असेल तर तिला विचारा, कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर कशाला टाकायचा? नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तांब्या-पितळेवर साचलेला ऑक्साइडचा थर तो काढून टाकतो. तो निघाल्याखेरीज कथिल भांड्याला धरतच नाही. म्हणजे कल्हई कथिलाची असली, तरी अर्धे श्रेय नवसागराचे आणि त्याआधीच्या घासण्याचे.

याहून मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, शहराच्या दुसऱ्या बाजूला सुमारे १०० किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी खडकावर थेट रंग फासला नाही. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या भिंतीवर माती, वाळू, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग, अशी त्यांची पायरी-पायरीची रीत होती. खडबडीत खडकात गिलाव्याला पकड मिळाली, म्हणून शतके लोटली तरी त्यातली कितीतरी चित्रे आज आपल्याला पाहता येतात. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचे काम मोलाचे. पण चित्रांच्या रक्षणासाठी त्यांनी लाखेचे व्हार्निशही लावले. काळाच्या ओघात ते पिवळे, काळपट झाले, त्यावर धूळ आणि काजळी बसली आणि रक्षणासाठी दिलेला थर हाच चित्रांवरचा पडदा झाला. नंतरच्या रसायनतज्ज्ञांना तो काढण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागले. चांगल्या हेतूने लावलेला लेपसुद्धा खालच्या वस्तूचा विचार करून लावावा लागतो, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकाच मोलाचा नाही का?

मग हौद्याचे काम कसे व्हावे? प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन तेल, माती आणि क्षार घालवावेत. मग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने सुटा गंज काढून पत्र्याचा करडा रंग दिसेपर्यंत घासावे. जुना रंग घट्ट असेल तिथे त्याची चकाकी तेवढी मोडावी, म्हणजे नव्या थराला पकड मिळते. भोक पडले असेल तर आधी पत्र्याचे ठिगळ जोडून घ्यावे. गंजावर लांबी भरून वरून रंग देणे ही निव्वळ फसवणूक. मग पत्रा कोरडा करून, स्वच्छ फडक्याने पुसून त्याच दिवशी प्रायमर द्यावा, कारण उघडा पत्रा दवातही गंजतो. त्यावर एकच जाड थर देण्यापेक्षा दोन बेताचे थर द्यावेत. कोपरे आणि सांधे ब्रशने आधी भरावेत. दिवस कोरडा निवडावा. पावसाळा नको, तशी मे महिन्याची दुपारही नको. तापलेल्या पत्र्यावर वरची साय आधी धरते, आतला द्रव कोंडतो आणि फोड येतात. आणि तळातली पाणी जाण्याची भोके लेपाने बुजू देऊ नयेत. ती बुजली तर हौद्याचा खरोखरच हौद व्हायचा!

बारीक खळग्यांतला गंज काही केल्या निघत नसेल तर गंजाचे रूप बदलणारी द्रावणे मिळतात. त्यांतल्या काहींत टॅनिक आम्ल असते. ते गंजाशी संयोग पावून काळे, स्थिर लोहसंयुग बनवते. तुम्हालाही हे पाहता येईल. हिरड्याची पूड रात्रभर पाण्यात भिजवा आणि ते पाणी गंजक्या खिळ्यावर टाका. पाणी काळे पडेल. जुन्या काळची शाई याच क्रियेने होत असे.

आता थोडे गणित. समजा, हौदा अडीच मीटर लांब, १.७ मीटर रुंद आणि फाळके ०.४ मीटर उंच आहेत. तळ आणि चारही आतल्या बाजू मिळून क्षेत्रफळ सुमारे ७.६ चौरस मीटर भरते. एक लिटर रंग आणला आणि त्यातला अर्धा भाग उडून जाणारा असला, तर वाळलेल्या थराची सरासरी जाडी किती? सुमारे ६६ मायक्रोमीटर, म्हणजे जवळजवळ डोक्याच्या एका केसाएवढी! सळया आणि विटा सोसायला अर्धा मिलिमीटर तरी थर हवा असेल, तर अशाच द्रव्याचे साडेसात लिटरहून अधिक लागेल. दुकानात ‘एका डब्यात काम होते’ असे कोणी सांगितले तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. यांतले पुष्कळ लेप पॉलियुरेथेनचे असतात. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलेले हे द्रव्य वाळल्यावर निरुपद्रवी, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला ज्या वायूने हजारोंचा बळी घेतला तो याच वर्गातला. हार्डनरमधला पदार्थ तो नव्हे, तितका उडून जाणाराही नव्हे, पण त्याचा फवारा किंवा वाफ छातीत गेली तर कायमचा दमा जडू शकतो. म्हणून हे कालवणे आणि लावणे मोठ्यांनीच, उघड्या जागी, हातमोजे आणि योग्य मास्क वापरून करावे. तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे. जुना रंग कोरडा घासू नये. भारतात २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली, पण ती औद्योगिक रंगांना लागू नाही. तेव्हा ओला करून घासावा आणि नंतर पत्रा नीट सुकवावा. गॅरेजात काम करणारी मुले तुमच्याच वयाची असतात, हेही या निमित्ताने आठवा.

तुम्ही विचाराल, मग हे काम कारागिराकडे का देऊ नये? जरूर द्यावे. पण आपण त्याला पैसे कशाचे देतो ते पाहा. ‘गाडी संध्याकाळी मिळेल ना?’ आणि ‘चकाकी आली पाहिजे’ एवढेच आपण म्हणतो. घासण्याचे दोन दिवस कोणी मोजत नाही, म्हणून कोणी घासत नाही. दोष एकट्या कारागिराचा नव्हे. ज्याच्या घराचा हप्ता आणि चूल त्या गाडीवर चालते, त्याला मात्र न दिसणारा कोपरा घासण्याचे कारण असते. म्हणून शक्य असेल तिथे मालकाने हे काम स्वतः करावे. नाहीतर घासून झालेला हौदा रंगापूर्वी स्वतः पाहावा आणि त्या घासण्याची मजुरी वेगळी द्यावी.

तुम्ही एवढे तरी करा. गंजलेल्या पत्र्याचे दोन तुकडे घ्या. एकाला तसाच रंग द्या. दुसरा धुऊन, घासून, सुकवून रंगवा. दोन्ही मिठाच्या ओल्या फडक्यात महिनाभर ठेवा. मग मोठ्यांच्या मदतीने पात्याने दोन्हींवर दहा बाय दहा बारीक चौकोन पाडा, चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा आणि किती चौकोन उखडले ते मोजा. रंगाची पकड तपासण्याची अशीच रीत प्रयोगशाळांतही आहे. तुमचे आकडे वहीत लिहा, आणि घरी किंवा शेजारी कोणाचा पिकअप असेल तर रंगाचा डबा विकत आणण्यापूर्वी ती वही त्यांना दाखवा.