कार्कासोनचे बुरूज आणि लालबागचे टॉवर

मागच्या महिन्यात दादाकडे जेवायला गेलो होतो. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, मोठ्या काकांचा मुलगा. तो आणि वहिनी नुकतेच फ्रान्सला जाऊन आले होते. जेवण झाल्यावर भिंतीएवढ्या टीव्हीवर फोटो सुरू झाले. दक्षिण फ्रान्समधलं कार्कासोन. दुहेरी तट, बावन्न बुरूज, त्यावर निमुळती टोपीसारखी छपरं. फोटो सुंदर होते, खोटं कशाला बोलू!

मग दादा म्हणाला, "बघ, याला म्हणतात जपणं. आपल्या मुंबईलाही असा तट होता. पाडून टाकला. आपल्याला वारशाची अक्कलच नाही."

मी गप्प बसलो. कारण जेवायला आल्यापासून माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी घोळत होतं. आणि तात्याही शेजारीच बसले होते.

झालं होतं असं. दादाचा टॉवर उभा आहे तो एका जुन्या गिरणीच्या जागेवर. याच गिरणीत तात्या, म्हणजे माझे वडील, १९८२ च्या संपापर्यंत कामाला होते. रिंग खात्यात, वीस वर्षांहून जास्त. फाटकाची जागासुद्धा साधारण तीच आहे. तिथे आम्हाला थांबवलं. कुणाकडे जायचंय, मजला कितवा, फोन नंबर काय. वहीत सही, छोट्या कॅमेऱ्यात फोटो. दरवानाची यात काही चूक नाही, तो बिचारा नोकरी करतोय. तात्यांनी निमूटपणे सही केली आणि मला एवढंच म्हणाले, "आमच्या वेळी भोंगा वाजला की फाटक उघडायचं."

दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. रागावू नकोस. पण त्या रात्री जे बोललो नाही ते आज लिहितो.

आधी तुझ्या कार्कासोनबद्दल. ते 'जपलेलं' आहे हे खरं, पण अर्धंच खरं. १८४९ मध्ये फ्रेंच सरकारने ते तट पाडायचंच ठरवलं होतं. गावातल्या जाणत्या लोकांनी आणि प्रॉस्पर मेरिमेने आरडाओरडा केला म्हणून वाचलं. मग १८५३ पासून व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने त्याची डागडुजी काढली. डागडुजी कसली, बरंचसं नव्यानेच बांधलं. तुला आवडलेली ती निमुळती छपरं दक्षिणेकडची नव्हेतच, उत्तर फ्रान्सच्या धर्तीची आहेत, अशी टीका तेव्हापासून होते आहे. आणि त्या दोन तटांच्या मधल्या पट्टीत गरीब विणकरांची घरं होती. तट 'जपताना' ती हटवण्यात आली. म्हणजे तू ज्या मोकळ्या, स्वच्छ जागेत उभा राहून फोटो काढलास, तिथून आधी विणकर गेले. ओळखीचं वाटतं ना?

आता मुंबईचा तट. या रविवारी मी दादाच्या मुलाला, माझ्या पुतण्याला, घेऊन तो बघायला गेलो. आठवीत आहे. "काका, फोर्टमध्ये फोर्ट कुठाय?" हा त्याचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. आपण सगळे रोज चर्चगेटला उतरतो आणि गेट कुठे आहे हे विचारत नाही.

सुरुवात केली ती सीएसएमटीच्या मागून, पी. डिमेलो रोडवरून. सेंट जॉर्ज रुग्णालयालगत जुन्या काळ्या दगडाच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. १७६९ च्या सुमारास बांधलेल्या फोर्ट जॉर्जचा हा अवशेष. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं कार्यालयही तिथेच आहे. पुतण्याने भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "एवढंच?"

एवढंच. बाकीचा तट १७१६ च्या सुमारास, चार्ल्स बून गव्हर्नर असताना पुरा झाला होता. म्हणजे मध्ययुगीन वगैरे नाही, चांगला अठराव्या शतकातला, कंपनी सरकारचा. तीन दरवाजे होते. अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. चर्च गेट हे नाव आतल्या सेंट थॉमस चर्चवरून पडलं. जुन्या मराठीत या भागाला 'कोट' म्हणत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि कोटातल्या साहेबांची झोप उडाली. आता मराठे इकडे आले तर? मग तटाभोवती खंदक खणला गेला आणि त्यासाठी व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली. म्हणजे तो तट आपल्यासाठी नव्हताच, तो आपल्या धाकाने मजबूत केलेला होता!

आत कोण राहायचं? दक्षिणेकडे मुख्यतः इंग्रज, उत्तरेकडे पारशी-गुजराती व्यापारी वगैरे. १८०३ च्या फेब्रुवारीत मोठी आग लागली, उत्तरेकडचा बराच भाग जळाला आणि मग एतद्देशीयांनी तटाबाहेर राहावं यावर सरकारचा भर वाढला. काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव ही आपली वस्ती वाढली ती तटाबाहेर. मधे होतं मोकळं मैदान, एस्प्लनेड. ते मोकळं का? मुलांनी खेळावं म्हणून नव्हे. चाल करून येणारा शत्रू तोफेच्या टप्प्यात उघडा पडावा म्हणून. रात्री दरवाजे बंद व्हायचे. गिरगावातला माणूस दिवसा आत जाऊन राबायचा आणि दिवेलागणीला बाहेर पडायचा.

अशा तटासाठी मी रडावं? मला नाही जमणार.

१८६२ मध्ये बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तट पाडला गेला. योगायोग असा की मुंबईवरचं पहिलं मराठी पुस्तक, गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन', प्रसिद्ध झालं तेही १८६३ मध्ये. तिकडे व्हिएन्नात सम्राट फ्रान्झ जोसेफने १८५७ मध्येच तट पाडायचा हुकूम काढला होता आणि त्या जागेवर रिंगस्ट्रासं हा भव्य रस्ता उभा राहत होता. मुंबईतही तसंच झालं. चर्च गेट होतं तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन आलं. मैदानाच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट उभं राहिलं. आणि तोफांसाठी राखलेली जागा उरली ती ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज या मैदानांच्या रूपाने.

२०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हटलं. ९४ इमारती, मधोमध ओव्हल. दादा, नीट बघ. जगाने ज्याला वारसा म्हटलं ते तट पाडल्यानंतर उभं राहिलं! तट जपला असता तर हे काहीच नसतं.

आता कुणी म्हणेल, फ्रिअरसाहेब काय संत होते? मुळीच नाही. कापसाच्या तेजीचा पैसा खुळखुळत होता, मोकळे झालेले भूखंड विकून आणखी पैसा उभा करायचा होता. गिरगावकरांवरच्या प्रेमापोटी कुणी भिंत पाडली नाही. हे सगळं मान्य. पण हिशेब शेवटी काय उरलं यावर करायचा असतो. भिंत पडली तेव्हा शहराला मैदानं मिळाली आणि दीडशे वर्षांनंतरही ती शहराचीच आहेत.

त्याच कापसातून गिरण्या आल्या. ताडदेवला पहिली गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि मग परळ-लालबागमध्ये धुराडी उगवली. त्यांनाही उंच दगडी भिंती होत्या. तात्यांचं आयुष्य अशाच एका भिंतीच्या आत गेलं. संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्या भिंतीसुद्धा पडायला लागल्या. तटानंतर सव्वाशे वर्षांनी मुंबईला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. शहराच्या पार मध्यावर शेकडो एकर जमीन!

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने वाटणी ठरवली होती. ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, इमारती पाडून रिकामी होणारी जमीन हिशेबातच नाही. गिरणीत मोकळी जागा अशी कितीशी असते? सगळी शेडखाली! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्च २००६ मध्ये कोर्टाने हा बदल ग्राह्य धरला. कायद्याने संपलं. माझ्या मनात संपलेलं नाही.

तोफांच्या धाकाने राखलेली जागा लोकांना मिळाली आणि लोकांच्या घामाने उभी राहिलेली जागा लोकांच्या हातून निसटली. हे मला आजही पचत नाही.

आणि भिंत पडली म्हणावं तर ती परत उभीच आहे. फाटक, वही, कॅमेरा, पोडियम. मोलकरणीला वेगळी लिफ्ट. बाग आहे, पण सातव्या मजल्यावर, तिथल्या रहिवाशांची. तटाचे सगळे भाग आहेत, फक्त खंदक तेवढा राहिलाय. पावसाळ्यात रस्त्यावर तोही होतो म्हणा. :-)

दादा, तू म्हणशील, आम्ही पैसे मोजलेत, सुरक्षितता नको का? हवी. घर घेणं हा गुन्हा नाही, तू कष्टाने घेतलंस आणि आम्हाला त्याचा अभिमानच आहे. आपल्या चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीतून तू तिथवर पोचलास. माझं भांडण तुझ्या घराशी नाही. माझं भांडण त्या वाक्याशी आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या कंपनीच्या भिंतीसाठी हळहळायचं आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच गिरणीची जमीन कशी गेली ते विचारायचं नाही, याला मी वारशाची जाण म्हणणार नाही. दगडाला वारसा म्हणणं सोपं आहे, कारण दगड हिशेब मागत नाही. तात्या मागू शकतात. म्हणून त्यांना फाटकावर सही करावी लागते.

रविवारी आम्ही बाजारगेटच्या गल्लीतून चालत हुतात्मा चौकात आलो. याच जागी चर्च गेट होतं आणि इथेच २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, हे पुतण्याला सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग ओव्हलवर गेलो. एकाच वेळी डझनभर सामने चालू, कुणाचा फिल्डर कुणाच्या पिचवर याचा पत्ता नाही. मैदानाला कुंपण आहे, पण दरवाजा उघडा होता. पुतण्या दरवाज्यापाशी थबकला आणि विचारता झाला, "काका, इथे आत जायला कुणाचं नाव सांगायचं?"

मी सांगितलं, "कुणाचंच नाही. ये."

तेराव्या वर्षी मुलाला हा प्रश्न पडतो, मंडळी. माझा राग या गोष्टीचा आहे.

परतताना आझाद मैदानावरून आलो. घरासाठी अर्ज करून वर्षानुवर्षं थांबलेले गिरणी कामगार आणि त्यांचे वारस याच मैदानात धरणं धरत आलेत. कुणाला लॉटरीत घर लागलं ते पार पनवेलजवळच्या कोनला. लालबागमध्ये बसायला जागा उरली नाही, म्हणून ते बसतात जुन्या तटासमोरच्या त्या मोकळ्या पट्टीत, जिथून शत्रू नीट दिसावा अशी सोय इंग्रजांनी करून ठेवली होती.

तेव्हा दादा, पुढच्या वेळी कार्कासोनचे फोटो जरूर दाखव. पण त्याआधी तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक ठराव मांड. महिन्यातून निदान एक रविवार फाटक उघडं ठेवा. वही नको, फोटो नको. या जागेवर ज्यांनी काम केलं त्यांनी यावं, बागेत बसावं, नातवंडांना दाखवावं की रिंग खातं इथे होतं, भोंगा तिथे होता. याने जमीन परत मिळणार नाही, ते मलाही कळतं. पण तात्या आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना ते धुराडं जवळून बघायचंय.

सही न करता.