विश्लेषण : हॅलोविनच्या ताटातून घरचा खाऊ कसा गेला? आणि तो परत का यायला हवा?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने अमेरिकेतल्या तिच्या पहिल्या हॅलोविनला बेसनाचे लाडू केले होते. चांगले साठ-सत्तर. प्रत्येक लाडू बटर पेपरमध्ये गुंडाळलेला, वर नारिंगी रिबीन. संध्याकाळी भुते, चेटकिणी, स्पायडरमॅन असे सगळे दारात येऊन गेले, ‘थँक यू’ म्हणाले, लाडू पिशवीत टाकून पुढच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई फिरायला निघाली, तेव्हा कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात तिला नारिंगी रिबिनी दिसल्या. शेजारच्या बाईंनी नंतर समजावले, ‘‘मनाला लावून घेऊ नकोस. इथे ओळख नसलेल्या घरचं काही मुलांना खाऊ देत नाहीत.’’ ताई हा किस्सा आता हसत सांगते. पण त्यानंतर कितीतरी वर्षे ती दुकानातून चॉकलेटची मोठी पिशवी आणून मोकळी होत असे.

हे आता आठवायचे कारण म्हणजे पुण्या-मुंबईच्या मोठ्या गृहसंकुलांतही ३१ ऑक्टोबरला मुले मुखवटे लावून फिरू लागली आहेत. सण आला, तशी त्याची भीतीही आपण जशीच्या तशी मागवून घेत आहोत. ‘कृपया फक्त पॅकबंद चॉकलेट ठेवावीत’ असे निरोप सोसायटीच्या ग्रुपवर येतात. ही भीती मुळात कुठून आली, ती कितपत खरी आहे आणि आपल्याला खरी काळजी कशाची घ्यायला हवी, हे एकदा पाहायला हवे. माझे मत आधीच सांगतो: अनोळखी दारासाठी पॅकबंद खाऊ ठीक आहे, पण ओळखीच्या लोकांसाठीही घरचे करणे सोडून दिले तर या सणात फक्त रॅपर उरतात.

हा सण मुळात खाण्याचाच...

हॅलोविनची मुळे आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील ‘साविन’ या सुगी संपल्याच्या केल्टिक सणात सांगितली जातात. पुढे १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरचा मृतांच्या स्मरणाचा दिवस त्याला जोडले गेले. वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला दफनभूमीत फुले आणि मेणबत्त्या घेऊन जाणारी कुटुंबे याच दिनदर्शिकेवर चालतात, फक्त तिथे भोपळ्याचे मुखवटे नसतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब लोक दारोदार जात, घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात ‘सोल केक’ नावाची मसालेदार छोटी बिस्किटे घेत. पितृपक्षात पितरांच्या नावाने पान वाढणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आयर्लंडमध्ये आजही या दिवशी ‘बार्मब्रॅक’ हा सुक्या मेव्याचा गोड पाव होतो. त्यात अंगठी, नाणे, कापडाचा तुकडा असे काहीबाही लपवतात. अंगठी मिळाली तर लग्न, नाणे मिळाले तर पैसा, चिंधी मिळाली तर गरिबी. भोपळा मात्र अमेरिकेतला. आयरिश लोक सलगम कोरून दिवे करत. अटलांटिकपलीकडे गेल्यावर त्यांना हे मोठे, मऊ, कोरायला सोपे फळ मिळाले आणि सलगम मागे पडले.

मग घरचा खाऊ गेला कसा?

दुसऱ्या महायुद्धातील साखरेची टंचाई संपली आणि ‘ट्रिक ऑर ट्रीट’ अमेरिकेत घरोघर पसरले. तेव्हा मुलांच्या पिशवीत पॉपकॉर्नचे लाडू, घरची बिस्किटे, सफरचंदे, शेंगा, सुटे पैसे असे सगळे पडत असे. मग भीती आली. १९६४ मध्ये लाँग आयलंडवरील एका गृहिणीने ‘एवढी मोठी मुले कसली मागत फिरता’ म्हणून किशोरवयीन मुलांना थट्टेने मुंग्या मारण्याच्या विषाच्या चकत्या आणि भांडी घासायच्या तारेच्या घासण्या दिल्या. इजा कुणालाही झाली नाही, पण बातमी देशभर गेली. सफरचंदात ब्लेड, चॉकलेटमध्ये टाचणी अशा गोष्टी दरवर्षी छापून येऊ लागल्या.

१९७४ मध्ये टेक्सासमध्ये आठ वर्षांचा टिमोथी ओब्रायन हॅलोविनच्या रात्री सायनाइडने मेला. विष गोड पावडरीच्या नळीत होते. ते घालणारा कुणी अनोळखी माथेफिरू नव्हता, तर मुलाचा स्वतःचा बाप, रोनाल्ड क्लार्क ओब्रायन. विम्याच्या पैशांसाठी. संशय येऊ नये म्हणून त्याने आणखी चार मुलांना तशाच नळ्या दिल्या होत्या, त्यातली एक त्याच्या मुलीला. सुदैवाने त्या कुणी खाल्ल्या नाहीत. ‘हॅलोविनला कुणीही कुणालाही विष घालू शकतो’ या अफवेचाच त्याने आडोसा घेतला होता. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. त्याआधी १९८२ च्या शरदात शिकागो परिसरात वेदनाशामक गोळ्यांत सायनाइड मिसळल्याने सात जण दगावले होते आणि त्यानंतरच्या हॅलोविनला लोकांचा उरलासुरला विश्वासही गेला. काही रुग्णालये मुलांच्या खाऊच्या पिशव्या फुकट एक्स-रे करून देऊ लागली.

जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या अशा बातम्या एकेक करून तपासल्या. अनोळखी माणसाने दारात दिलेला विषारी खाऊ खाऊन मूल मेले किंवा गंभीर जखमी झाले, अशी एकही सिद्ध घटना त्याला सापडली नाही. टाचण्यांच्या बहुतेक तक्रारी मुलांनी स्वतःच केलेल्या खोड्या निघाल्या. मला यातली खंत वाटते ती अशी, की गुन्हा घरातल्या माणसाचा होता आणि संशय मात्र शेजाऱ्यावर कायमचा बसला. माझ्या ताईचे लाडू त्या संशयाने कचऱ्यात घातले.

खरा धोका कुठे आहे?

पहिला धोका रस्त्यावर. ४२ वर्षांच्या आकडेवारीवर आधारित, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या दिवसांपेक्षा ४३ टक्के जास्त आढळला. काळे कपडे, डोळ्यांवर उतरणारा मुखवटा आणि अंधार. आपल्या संकुलात गाड्यांची ये-जा दोन तास थांबवणे हे चॉकलेट तपासण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

दुसरा धोका ॲलर्जीचा, आणि इथे मात्र घरचे पदार्थ परत करणाऱ्या आईची बाजू मला पटते. अमेरिकेत दूध, अंडी, गहू, सोया, शेंगदाणे, इतर कठीण कवचाचा मेवा, मासे, कवचधारी जलचर यांची नावे वेष्टनावर ठळक द्यावीच लागतात. २०२३ पासून त्यात तीळही आले. बटर पेपरमधल्या लाडवावर यातले काहीच लिहिलेले नसते. शेंगदाण्याच्या चिक्कीचा एक तुकडा एखाद्या मुलाचा श्वास बंद करू शकतो. त्यामुळे अनोळखी मुलाला घरची चिक्की देऊ नये, हा नियम योग्यच आहे. २०१४ पासून अमेरिकेत अनेक घरांबाहेर निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवतात. ‘आमच्याकडे खाऊऐवजी खेळणी, स्टिकरही मिळतील’ अशी ती खूण. ही कल्पना आपल्या सोसायट्यांनी खुशाल उचलावी.

तिसरा धोका ऐकून मी स्वतः दचकलो होतो. काडीला टोचलेले, कॅरॅमलमध्ये बुडवलेले सफरचंद म्हणजे हॅलोविनचा मानाचा पदार्थ. २०१४ च्या शेवटी अमेरिकेतील १२ राज्यांत अशा, दुकानात मिळणाऱ्या पॅकबंद सफरचंदांमुळे ३५ जणांना लिस्टेरिया जिवाणूचा संसर्ग झाला. सात जण दगावले. सफरचंद आंबट, कॅरॅमल कोरडे. दोन्हींत हा जिवाणू एरवी वाढत नाही. पण काडी खुपसली की रस बाहेर झिरपतो, साल आणि कॅरॅमल यांच्यामध्ये ओलावा साठतो आणि सामान्य तापमानाला ठेवलेल्या फळात जिवाणूला आयते घर मिळते. म्हणजे ज्या पॅकबंदपणावर आपण विसंबतो, तोच इथे कामाला आला नाही. घरी केलीत तर सफरचंद नीट धुऊन, खरखरीत पुसून घ्या, केल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. कॅरॅमलला थर्मामीटर हवाच असे नाही. थेंब गार पाण्यात टाकल्यावर घट्टसर पण दाबता येणारी गोळी झाली की झाले.

मग घरी करायचे काय?

पॉपकॉर्नच्या लाडवांची अमेरिकी कृती वाचाल तर हसू येईल, कारण ते आपले कुरमुऱ्याचेच लाडू आहेत. दहा वाट्या फुललेले, न फुटलेले दाणे काढून टाकलेले पॉपकॉर्न, एक वाटी चिरलेला चिकीचा गूळ, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. गुळाचा पाक गोळीबंद करायचा, थेंब पाण्यात टाकून ताटलीवर आपटला तर टण् वाजला पाहिजे. गॅस बंद करून पॉपकॉर्न घालायचे आणि हाताला पाणी लावून भराभर वळायचे. चार वर्षांखालच्या मुलांना मात्र देऊ नये, पॉपकॉर्न घशात अडकतो.

भोपळा कोरलात तर बिया टाकू नका. गर काढून, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे उकळून, कोरड्या करून, जरासे तेल आणि तिखट चोळून १७५ अंशांवर पंधरा-वीस मिनिटे भाजा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर. ही कृती मी दरवर्षी करतो आणि दरवर्षी पाहुणे येण्याआधीच अर्ध्या संपतात.

बार्मब्रॅक आपल्याकडे कुणी फारसे करत नाही, आणि ही मोठीच चूक आहे. साडेतीनशे ग्रॅम मनुका-बेदाणे रात्रभर ३०० मिलिलिटर कडक कोऱ्या चहात भिजवायचे. सकाळी त्यातच सव्वादोनशे ग्रॅम मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, सव्वाशे ग्रॅम ब्राऊन शुगर, एक अंडे आणि दालचिनी-जायफळ. १७० अंशांवर साधारण तासभर. अंडे चालत नसेल तर पाव वाटी दही घाला, काप जरा भुसभुशीत पडतात एवढेच. लोण्याबरोबर खायचा. अंगठी-नाण्याचा खेळ करायचाच असेल तर वस्तू बटर पेपरात जाड गुंडाळा आणि कापण्याआधी सगळ्यांना सांगा. लहान मुले असतील तर त्याऐवजी एक अख्खा बदाम पुरे, तोही ॲलर्जी विचारून आणि ज्याच्या कापात निघेल त्याचा भाग मोठ्याने तपासून.

आणि मोठ्यांच्या पेल्यात?

शरदातल्या संध्याकाळचे अमेरिकी पेय म्हणजे गरम सायडर. अमेरिकेत ‘सायडर’ म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला, मद्यविरहित रस. ब्रिटनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ आंबवलेले मद्य. पाहुणे दोन्हीकडचे असतील तर हे आधी स्पष्ट करावे. एक लिटर सफरचंदाच्या रसात दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा, एक चक्रीफूल, संत्र्याची साल घालून वीस मिनिटे मंद आचेवर ठेवा. बाजारचा रस गोडच असतो, साखर नको. ज्यांना हवी त्यांनी आपल्या पेल्यात ३० मिली डार्क रम घालावी.

पातेल्यात रम ओतू नये, असा माझा आग्रह आहे. उकळले की मद्य उडून जाते, हा आवडता गैरसमज आहे. अर्धा तास मंद शिजवले तरी सुमारे एक तृतीयांश उरते. पातेले साधे ठेवले की मुले, न पिणारे, गाडी चालवणारे सगळे एकाच पातेल्यातले पितात. नाहीतर न पिणाऱ्याच्या हातात नेहमी कोमट कोल्ड्रिंक येते. बाकी, महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे आहे, गोव्यात १८.

अर्थात मुंबईत ३१ ऑक्टोबरला गरम सायडर प्यायला लावणे हा छळ आहे. ऑक्टोबर हीटमध्ये गोकर्णाची फुले कामाला येतात. सात-आठ निळी फुले गरम पाण्यात भिजवून गार करा, बर्फावर ओता, वरून लिंबू पिळा. निळ्याचे डोळ्यांदेखत जांभळे होते. मुलांना साखर घालून, मोठ्यांना हवे तर ४५ मिली जिन आणि टॉनिक वॉटर घालून. टॉनिकमधील क्विनाइन अतिनील दिव्याखाली निळे चमकते, तेव्हा कुणाकडे तसा दिवा असेल तर भुताटकी फुकटात होते.

दोन गोष्टी मात्र करू नका. पेय काळेभोर दिसावे म्हणून त्यात अॅक्टिव्हेटेड चारकोल घालण्याची फॅशन आहे. हा कोळसा पोटातील औषधेही शोषून घेतो, गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा. न्यूयॉर्क शहराने २०१८ मध्ये उपाहारगृहांना तो वापरण्यास मनाई केली. दुसरी गोष्ट कोरड्या बर्फाची. तो उणे ७८ अंश सेल्सिअसचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड असतो, पाणी नव्हे. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधील एका उपाहारगृहात जेवणानंतर माउथ फ्रेशनर समजून तो खाल्ल्याने पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. द्रव नायट्रोजन तर याहून वाईट. त्याच्या कॉकटेलमुळे २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये एका १८ वर्षांच्या मुलीचे जठर काढावे लागले. धूर हवाच असेल तर मोठ्या पातेल्यात कोमट पाणी आणि कोरडा बर्फ, आणि पेयाचे भांडे त्याच्या आत वेगळे. खिडकी उघडी, हातात जाड मोजे, मुले लांब. उरलेला बर्फ झाकणबंद बाटलीत कधीही ठेवू नका, बाटली फुटते.

२०२४ मध्ये नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. ताईने दाराबाहेर नेहमीची पॅकबंद चॉकलेटे ठेवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारच्या पाच कुटुंबांसाठी फराळ मांडला. बेसनाच्या लाडवांपुढे पाटी होती: ‘डाळीचे पीठ, तूप (म्हणजे दूध), साखर, वेलची. काजू नाहीत.’ तिने पुन्हा सत्तरच केले होते. अकरा उरले, ते पाडव्याला संपले.