शंभर वीरांचा जमाखर्च

अतिशयोक्ती हा अलंकार आपल्यापैकी बहुतेकांनी शालेय व्याकरणात दमडीच्या तेलाच्या उदाहरणावरून शिकलेला असेल. एका दमडीच्या तेलात घरातील किती जणांचे न्हाणे-माखणे उरकले, याची यादी तेथे मोठ्या गांभीर्याने दिलेली असते. वाणिज्य शाखेत शिकू लागल्यावर त्या उदाहरणाचे मर्म मला निराळ्या अंगाने उमगले. थाप मोठी आहे, परंतु हिशेब चोख आहे. जमेच्या बाजूस एक दमडी आणि खर्चाच्या बाजूस क्रमाने एकेक नोंद! म्हणूनच ती थाप ऐकताना कंटाळा येत नाही, हसू येते.

आज ज्या कलाकृतीविषयी लिहावयाचे आहे ती याच जातीची आहे. ‘द वंडरफुल १०१’ हा जपानी व्हिडिओ गेम. बँकेच्या पत्रिकेत व्हिडिओ गेमवर लेख कशाला, हा प्रश्न संपादकांच्या आधी आमच्या शाखेतील सहकाऱ्यांनीच विचारला. एम.कॉम. झालेल्या, तिशी ओलांडलेल्या अधिकाऱ्याने रंगीत कपड्यांतील वीरांच्या मारामारीत रमावे, हे अनेकांना अशोभनीय वाटते. मला तसे वाटत नाही, आणि त्याची कारणे सुज्ञ वाचकांपुढे मांडावीत असा हा प्रयत्न आहे.

ओसाका येथील प्लॅटिनमगेम्स या संस्थेने हिदेकी कामिया यांच्या दिग्दर्शनाखाली हा खेळ तयार केला आणि २०१३ साली तो निन्टेंडोच्या वी यू या यंत्रासाठी प्रकाशित झाला. कथानक सांगावयाचे तर दोन ओळी पुरतात. गीथजर्क नावाची परग्रहवासीयांची सेना पृथ्वीवर चालून येते आणि शंभर मुखवटाधारी वीर तिला तोंड देतात. शंभर जर पडद्यावर आहेत, तर एकशे एकावा कोण? तो म्हणजे खेळणारा. त्यापुढे कथानकात जे घडते ते इतके अचाट आहे की एका प्रसंगात यापेक्षा मोठे आता काय असणार, असे वाटावे आणि पुढच्याच प्रसंगाने त्याला मागे टाकावे.

परंतु खरी गंमत कथानकात नसून खेळण्याच्या रीतीत आहे. हे शंभर जण घोळक्याने धावतात. खेळाडूने पडद्यावर एक आकृती रेखाटावयाची, की त्या आकृतीनुसार वीर एकमेकांना बिलगून एक प्रचंड शस्त्र होतात. वर्तुळ काढले तर माणसांची वज्रमूठ, सरळ रेघ ओढली तर माणसांची तलवार, काटकोन काढला तर माणसांची बंदूक. दरी आडवी आली तर त्यांचाच पूल होतो आणि इमारत उंच असेल तर त्यांचीच शिडी. हे वर्णन ऐकून परदेशी वाचकाला नवल वाटेल. आपल्याला मात्र गोकुळाष्टमीचे गोविंदा पथक आठवावयास हवे. तेथेही माणसे सुटी असतात तोवर केवळ गर्दी असते आणि खांद्यावर खांदा लागला की थर उभा राहतो. खालच्या थरातील माणसाला हंडी दिसतही नाही, तरी ती फुटते त्याच्याच खांद्यावर.

दमडीच्या तेलाचा हिशेब येथेही आहे. रेघ जितकी लांब, तितके शस्त्र मोठे. परंतु शस्त्र जितके मोठे, तितकी शक्तीच्या साठ्यातून उचलही मोठी. साठा आटला की भरून येईपर्यंत थांबावे लागते, आणि शत्रू काही आपल्यासाठी थांबत नाही. फटका बसला तर वीर चहूकडे विखुरतात आणि त्यांना पुन्हा गोळा करीत फिरावे लागते. म्हणजे आपले मनुष्यबळ हेच भांडवल आणि तेच हत्यार. पडद्यावर आतषबाजी चाललेली असताना खेळणाऱ्याच्या मनात मात्र शिल्लक, उचल आणि भरणा यांचाच विचार चालतो. रोखपालाच्या खिडकीवर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बसलेल्या कोणालाही ही मनःस्थिती परिचयाची वाटेल.

आता हे वीर कोण आहेत तेही पाहावे. सर्वांचा पुढारी वंडर-रेड हा एरवी शाळामास्तर आहे. वंडर-ब्लू हा लॉस एंजेलिसच्या पोलिसांत नोकरी करतो. हातबॉम्बची जबाबदारी असलेला वंडर-ब्लॅक हा कृष्ण रामानुजन नावाचा भारतीय मुलगा आहे. (गणिती रामानुजन यांचे नाव जपानी लेखकांना आठवले असावे, असा माझा तर्क.) शिवाय शंभरांच्या यादीत डोक्यावर शौचकूप मिरविणारा एक वीरही आहे! इतकेच नव्हे, तर रस्त्यात सापडलेल्या सामान्य नागरिकांना रेघेने वेढा घातला की तेही काही काळ मुखवटा चढवून तुकडीत सामील होतात. आपल्या चित्रपटांत एकटा नायक शंभर गुंडांना लोळवितो आणि आपण टाळ्या वाजवितो. येथे शंभर जण मिळून नायक आहेत. अतिशयोक्ती दोन्हीकडे आहे. पण दुसऱ्या प्रकारची मला अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यात माझ्यासारख्याला, आणि त्या शौचकूपधारी वीरालाही, जागा आहे.

एवढे असूनही २०१३ मध्ये हा खेळ फारसा खपला नाही. वी यू हे यंत्रच मुळात थोड्या घरांत पोहोचले होते आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादनही थांबले. परंतु दोष केवळ यंत्राचा नव्हता, हे उत्साहाच्या भरातही सांगितले पाहिजे. बचावाची दोन अत्यावश्यक कौशल्ये मूळ आवृत्तीत खेळातील दुकानातून विकत घ्यावी लागत, आणि त्यांचे महत्त्व नवख्याला कोणी पुरेसे बजावून सांगत नसे. अनेकांनी सुरुवातीलाच मार खाल्ला आणि खेळ बंद केला. उत्तम योजना, परंतु अर्ज कसा भरावा हे न कळल्याने ग्राहक दारातूनच परतला, असा हा प्रकार. नवी सेवा सुरू करताना आपण माहितीपत्रकावर जेवढा खर्च करतो, तेवढा वेळ काउंटरवरील पहिल्या पाच मिनिटांना देतो का, असा प्रश्न मला या खेळाने विचारला आहे. मोबाइल बँकिंगच्या पहिल्याच पडद्यावर अडखळलेले ज्येष्ठ नागरिक मी रोज पाहतो. त्यांना सेवा नको असते असे नाही.

खेळाच्या नशिबाने मात्र दुसरी खेप होती. फेब्रुवारी २०२० मध्ये प्लॅटिनमगेम्सने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या माध्यमातून सुधारित आवृत्तीसाठी आवाहन केले. उद्दिष्ट ५०,००० डॉलरचे होते. ते पहिल्याच दिवशी ओलांडले गेले आणि मोहीम संपेपर्यंत जमा रक्कम १५ लाख डॉलरच्या पुढे गेली. बँकेच्या भाषेत ही रक्कम ठेव नव्हे, कर्ज नव्हे आणि भागभांडवलही नव्हे. देणाऱ्यास व्याज नाही, लाभांश नाही; मिळणार ती खेळाची प्रत आणि काही भेटवस्तू. तारण म्हणून होता तो केवळ विश्वास. विखुरलेल्यांना वेढा घालून एकत्र आणणाऱ्या या खेळाला शेवटी विखुरलेल्या चाहत्यांनीच उभे केले. मे २०२० मध्ये स्विच, प्लेस्टेशन ४ आणि संगणकासाठी ही आवृत्ती बाजारात आली. कामिया यांनी पुढे २०२३ मध्ये ती संस्था सोडली.

ज्यांना हा खेळ पाहावयाचा असेल त्यांनी पहिले दोन-तीन तास धीर धरावा. पडद्यावर इतकी माणसे धावतात की आपला म्होरक्या कोठे आहे हेच कित्येकदा दिसत नाही, आणि ही तक्रार सुधारित आवृत्तीतही पुरती मिटलेली नाही. प्रत्येक लढतीनंतर वेळ, झालेली इजा आणि हल्ल्यांचे सातत्य पाहून पदक मिळते. प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य, कांस्य आणि सर्वांत खाली आपल्याकडील स्नेहसंमेलनांप्रमाणे उत्तेजनार्थ. माझ्या खात्यात सध्या उत्तेजनार्थ पदकांचीच शिल्लक अधिक आहे.