नीरेचा गाळ आणि समुद्रातले बुडबुडे



अन्नसाखळीचा पाठ चालू होता. मी नेहमीसारखं सांगितलं, "सगळ्या अन्नसाखळ्या सूर्यप्रकाशापासून सुरू होतात." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, खोल समुद्रात तर अंधार असतो. मग तिथले प्राणी काय खातात?" घाईत मी म्हणालो, "ते परीक्षेला येणार नाही." मुलगा गप्प बसला. चूक माझी होती. आज त्याच प्रश्नावर लिहितोय.

उत्तराची सुरुवात आपल्या सारोळ्याच्या पुलाखालीच आहे. इथून वाहणारी नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा पुढे कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आज धरणांत बराच गाळ अडतो. पण त्याआधी लाखो वर्षं या नद्यांनी माती आणि पालापाचोळा समुद्रात नेला. त्यात समुद्रातल्या मेलेल्या सूक्ष्म जीवांची भर पडली आणि तळाशी थरावर थर साचले.

आता गोबरगॅसची टाकी आठवा. हवा नसलेल्या जागी जिवाणू शेण कुजवतात आणि मिथेन तयार होतो. समुद्राच्या गाळात खोलवर असंच घडतं. थंडी आणि पाण्याचा प्रचंड दाब असेल, तर तो मिथेन पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकून बर्फासारखा घट्ट होतो. त्याला गॅस हायड्रेट म्हणतात. एक घनमीटर हायड्रेटमधून सुमारे १६४ घनमीटर वायू सुटतो! २००६ साली 'जॉइडिस रिझोल्युशन' जहाजावरच्या राष्ट्रीय मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात असे हायड्रेट मिळाले. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना तिथेच तळातून मिथेन झिरपत असलेल्या जागा सापडल्या.

त्या अंधारात काय चालतं बघा. गाळात ऑक्सिजन नसतो. तिथले सूक्ष्मजीव समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून मिथेनमधून ऊर्जा मिळवतात. त्यातून दोन गोष्टी तयार होतात. एक बायकार्बोनेट; ते कॅल्शियमशी जुळून चुनखडीचे खडक बनतात. दुसरा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू. काही शिंपल्यांच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू या वायूवर जगतात आणि शिंपल्यालाही पोसतात. झालं, अंधारातली अन्नसाखळी तयार!

म्हणजे पुस्तक खोटं का? तसं नाही. हा मिथेन ज्या अवशेषांतून आला, ते कधीतरी सूर्यप्रकाशावरच वाढले होते. शिंपल्यातले जिवाणू वापरतात तो ऑक्सिजनही वनस्पतींनीच दिलेला. सूर्याचं नातं तुटत नाही, फक्त लांबचं होतं. हे मुलांना सांगायला पाच मिनिटं लागतात. मी ती दिली नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. नदी भूगोलात, मिथेन विज्ञानात आणि तापमानवाढ पर्यावरणात, अशा वेगवेगळ्या कप्प्यांत आपण शिकवतो. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवणारा वायू आहे. गाळातले हे सूक्ष्मजीव त्यातला बराचसा तिथेच संपवतात. उद्या इंधनासाठी तो गाळ उकरायचा की नाही, हे आज आपल्या वर्गात बसलेली मुलं ठरवणार आहेत. प्रश्न विचारायची सवय आपणच मोडली, तर ती काय ठरवतील?

पालकहो, सुट्टीच्या दिवशी मुलांना एखाद्या साचलेल्या डबक्याकाठी न्या. काठावरूनच लांब काठीने चिखल ढवळा. बुडबुडे येतील. (काडी मात्र पेटवू नका.) १७७६ साली इटलीत व्होल्टा या शास्त्रज्ञाने तलावाच्या चिखलातले असेच बुडबुडे गोळा करून हा वायू अभ्यासला होता.

आणि मुलाने "का?" विचारलं, तर "परीक्षेला येणार नाही" असं म्हणू नका. उत्तर येत नसेल तर "चल, मिळून शोधू" म्हणा. सोमवारी त्या मागच्या बाकावर जाऊन मीही हेच म्हणणार आहे.