विश्लेषण : ‘बायपोलर स्पेक्ट्रम’ हे निदान नेमके काय सांगते?

नैराश्यावर बराच काळ उपचार घेणाऱ्या व्यक्तीला डॉक्टर एक दिवस ‘हे बायपोलर स्पेक्ट्रममधले आहे’ असे सांगतात आणि रुग्णासह सारे घर गोंधळते. आजार बळावला की आधीचे उपचार चुकले, हा पहिला प्रश्न असतो. अनेकदा यातले काहीच झालेले नसते. आजाराची आजवर न दिसलेली बाजू समोर आलेली असते.

‘स्पेक्ट्रम’ म्हणजे काय?

या विकारात मनःस्थिती नैराश्य आणि उन्माद या दोन टोकांकडे झुकते. ती किती तीव्र आणि किती काळ टिकते, यावरून प्रकार ठरतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डीएसएम-५’ निकषांनुसार, उन्माद किमान आठवडाभर टिकला किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तो ‘बायपोलर-१’. किमान चार दिवसांचा सौम्य उन्माद आणि किमान दोन आठवड्यांचे तीव्र नैराश्य असेल, तर ‘बायपोलर-२’. प्रौढांमध्ये दोन वर्षे सौम्य चढउतार सुरूच राहिले, तर ‘सायक्लोथायमिया’. हे सारे आणि कोणत्याच चौकटीत पूर्ण न बसणारी लक्षणे ‘स्पेक्ट्रम’ या शब्दात येतात. त्यामुळे आपले निदान यातले नेमके कोणते, हे डॉक्टरांना विचारायलाच हवे.

निदानाला उशीर का होतो?

हा विकार रक्तचाचणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. निदान बरेचसे रुग्णाने सांगितलेल्या माहितीवर अवलंबून असते आणि रुग्ण येतो तो बहुधा खचलेल्या अवस्थेत. तीन-चार तास झोपूनही उत्साह टिकणे, भरभर बोलणे, एकामागून एक बेत आखणे, हात सैल सोडून खर्च करणे याची तक्रार कोण करणार? घरच्यांनाही तो ‘बरा झाला’ असेच वाटते. हे दिवस डॉक्टरांपर्यंत पोहोचले नाहीत, तर निदान नैराश्यावरच थांबते. म्हणून जोडीदाराने किंवा पालकांनी दिलेली माहिती मोलाची ठरते.

औषधे का बदलतात?

केवळ नैराश्यविरोधी गोळ्यांनी काही रुग्णांत उन्माद उफाळू शकतो. त्यामुळे मनःस्थिती स्थिर राखणाऱ्या औषधांवर भर दिला जातो. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर उपयुक्त ठरवलेले लिथियम त्यात आजही महत्त्वाचे आहे. मात्र त्याच्या उपयुक्त आणि घातक मात्रेत अंतर कमी असते. म्हणून रक्तातील प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची नियमित तपासणी लागते. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भाला धोका संभवतो; मूल हवे असलेल्या महिलांनी हे आधीच बोलावे. बरे वाटले म्हणून कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

कुटुंबाने काय करावे?

झोप आणि मनःस्थितीची रोज नोंद ठेवावी. झोपेची गरज अचानक कमी होणे ही उन्मादाची सुरुवात असू शकते. मोठे व्यवहार त्या काळात पुढे ढकलावेत. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले गेले, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा २४ तास उपलब्ध आहे.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर विकाराचे सुमारे ७० टक्के रुग्ण उपचारांबाहेर आढळले होते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा संरक्षण देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. निदान लपवणाऱ्या घराला मात्र या हक्काचा उपयोग करून घेता येत नाही.