वीस भोकांची शिडी

आधीच सांगून टाकतो, ही पोस्ट शिकारीच्या विरोधात नाही. तसं काही वाचायला मिळेल म्हणून आलेल्या नातेवाईकांची निराशा होईल, त्याला माझा इलाज नाही. माझं भांडण आहे ते बोल्टशी. आणि तो बोल्ट झाडात ठोकून वर "याने झाडाला काही होत नाही हो" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांशी.

ज्यांना हा प्रकार काय आहे ते ठाऊक नाही (म्हणजे आई, नागपूरची आत्या आणि इथे नेहमी येणारी निम्मी मंडळी) त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मी राहतो त्या मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरपासून धनुष्यबाणाने हरणांची शिकार करायचा हंगाम सुरू होतो. पांढऱ्या शेपटीचं हरीण फार सावध, वाऱ्यावर माणसाचा वास आला की पसार. म्हणून शिकारी पंधरा-वीस फूट उंच झाडावर जाऊन बसतात. पूर्वी त्यासाठी लोखंडी मचाण लागायचं. आता बरेच जण 'सॅडल' वापरतात. विजेच्या खांबावर चढणारा वायरमन कसा कमरेच्या पट्ट्यावर मागे रेलून काम करतो, तसंच. कमरेखाली रुंद पट्टा, त्यातून खोडाला बांधलेला दोर, पायाखाली ताटाएवढी फळी. सगळं सामान पाठीवरच्या पिशवीत मावतं. आज हे झाड, उद्या ते, आणि संध्याकाळी उतरलात की मागे खूणसुद्धा राहत नाही. मला या प्रकाराचं कौतुक आहे. मी स्वतः कॅमेरा घेऊन असा लटकलेलो आहे, आणि पहाटेचं जंगल वरून कसं दिसतं यावर एक वेगळी पोस्ट होईल.

प्रश्न उरतो तो वर चढायचा. त्याला 'क्लाइंबिंग स्टिक्स' मिळतात. त्या म्हणजे पट्ट्याने किंवा दोराने खोडाला आवळायच्या छोट्या शिड्या. काही जण तर एकच स्टिक वर सरकवत सरकवत चढतात आणि दोरावरून उतरतात. पण त्याला पैसे पडतात, वजन वाहावं लागतं, सराव लागतो. मग कुणीतरी शक्कल काढली. ड्रिल घ्यायचं, खोडात अर्ध्या इंचाच्या आसपास रुंद आणि तीनेक इंच खोल भोक पाडायचं, त्यात सहा इंची पोलादी बोल्ट सरकवायचा. निम्मा आत, निम्मा बाहेर, झाली पायरी. दीड फुटावर दुसरी. उतरताना बोल्ट काढून खिशात टाकायचे, भोकं पुढच्या वर्षीसाठी तिथेच.

जरा हिशोब करू. वीस फूट उंचीला दीड-दीड फुटावर तेरा भोकं. वर पोचल्यावर खोडाभोवती फिरता यावं म्हणून एकाच उंचीवर गोलाकार आणखी पाच-सहा. म्हणजे एका झाडाला जवळजवळ वीस. आणि हौशी माणूस हंगामाआधी पंधरा झाडं 'तयार' करून ठेवतो. तीनशे भोकं झाली. एका माणसाची.

त्यांची बाजू मी नीट ऐकून घेतली आहे, कारण ती माझ्या मित्राची बाजू आहे. बोल्ट स्वस्त पडतो, आवाज करत नाही, खिशात मावतो. झाडावर काही टांगून ठेवलेलं नसल्यामुळे चोरीला काही जात नाही. बोल्ट चांगल्या प्रतीचा असेल तर तो मोडत नाही. यातलं सगळं खरं आहे! शेवटचा मुद्दा मात्र असा : "सुतार पक्षी भोकं पाडतोच की, मेपलला दरवर्षी भोकं पाडून रस काढतातच की, झाडं भरून येतात."

इथे माझी गाडी अडते. झाडं भरून येत नाहीत.

आपल्या बोटाला चिरा गेला तर तिथल्या मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाला ती सोय नाही. जखमी झालेलं लाकूड कायमचं जखमी. झाड फक्त त्या जागेभोवती भिंती उभारतं आणि पुढची वाढ भिंतीबाहेर करत राहतं. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी चेनसॉ घेऊन असंख्य झाडं उभी चिरून पाहिली आणि १९७७मध्ये खात्याने काढलेल्या पुस्तिकेत हे मांडलं. आज झाडांची निगा राखणारा कुठलाही जाणकार याच पायावर काम करतो. शायगोंच्या चार भिंतींपैकी सगळ्यात कच्ची भिंत कुठली? वर आणि खाली जाणारा मार्ग अडवणारी. म्हणून एका भोकाचा डाग आत उभ्या पट्ट्यासारखा वर-खाली पसरतो. आता तेरा भोकं एकावर एक दोन ओळींत पाडा, आणि आतल्या पट्ट्यांचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. बाहेरून साल मिटते, गुळगुळीत दिसते, आणि "बघ, भरून आलं" असं म्हणायला आपण मोकळे.

मेपलचा दाखला तर त्यांच्याच अंगावर उलटतो. मेपलचा रस काढणारा शेतकरी जेमतेम तिसरा हिस्सा इंच रुंद आणि दीड-दोन इंच खोल भोक पाडतो. एका झाडाला एक, फार तर दोन-तीन. झाड बारीक असेल तर एकही नाही. जुन्या भोकाच्या बरोबर वर किंवा खाली तो कधी जात नाही, कारण तिथलं लाकूड रस वाहायच्या कामाचं राहिलेलं नाही हे त्याला ठाऊक असतं. ते झाड त्याला नातवासाठी राखायचं असतं. या काळजीचं नाव घेऊन आपली बेपर्वाई झाकायची, हे मला पटत नाही.

वीस भोकांनी धडधाकट ओक मरत नाही, हे मी मान्य करतो. ओक भिंती बांधण्यात पटाईत. बर्च, अ‍ॅस्पेन, विलो यांचं तसं नाही, ती आतून लवकर कुजतात. पण ओकचीही एक दुखरी नस आहे. 'ओक विल्ट' नावाचा बुरशीजन्य रोग. ताज्या जखमेतून वाहणाऱ्या रसावर बारीक भुंगेरे येतात, त्यांच्या अंगावर बुरशी येते. रेड ओक काही आठवड्यांत उभ्या उभ्या वाळतो, आणि जमिनीखाली मुळं एकमेकांना जोडलेली असल्यामुळे शेजारचे ओकही जातात. म्हणून मिशिगनमध्ये सांगतात की एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत ओकला जखम करू नका. आणि शिकारी झाडं 'तयार' करायला कधी निघतात? बरेच जण नेमके हवा छान झाल्यावर, उन्हाळ्यात. ड्रिलच्या खोक्यावर या रोगाबद्दल काही लिहिलेलं नसतं.

कायद्याचं म्हणाल तर मिशिगनच्या सार्वजनिक जमिनीवर, चढायला मदत म्हणून सालीच्या आत शिरणारी कुठलीही वस्तू वापरायला बंदी आहे. नियम राज्याराज्यांत वेगळे. खाजगी जमिनीवर मालकाची मर्जी. पण शिकारीची परवानगी म्हणजे ड्रिलची परवानगी नव्हे, हे इथे लोक सोयीस्कर विसरतात. लाकूड म्हणून झाडाची बहुतेक किंमत असते ती बुंध्याकडच्या पहिल्या सोळा फुटांत. पायऱ्या नेमक्या तिथेच जातात. एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने चांगल्या मनाने "ये रे बाबा, बस माझ्या रानात" म्हणायचं, आणि आपण त्याच्या मुलांच्या ठेवीला वीस भोकं पाडून यायचं?

जिवाचा प्रश्नही आहेच. बोल्ट मोडत नाही, पण तो ज्या लाकडात बसलाय ते दर वर्षी तसंच राहत नाही. पाणी मुरतं, कड सैल होते, आत कूज धरते. तिसऱ्या वर्षी अंधारात, बर्फाळ बुटाने, पंधरा फुटांवर त्या भोकावर सगळा भार टाकणारा माणूस कुणाचा तरी बाप असतो.

आता माझ्या घरचं सांगतो, कारण त्याशिवाय मी इतका तडकलोय का ते कळणार नाही. माझ्या घरामागे दहा एकर रान आहे. निम्मं रेड ओकचं, माझ्याहून कितीतरी वडीलधारं. ऑफिसातला एक मित्र तीन वर्षं तिथे शिकारीला येतो. मला त्याचा उपयोगच झाला. हरणं माजली की ओकची रोपं गुडघ्यावर येऊ देत नाहीत, शेंडा आला की खाऊन टाकतात. शिकारी माझ्या रानाचा मित्र आहे असं मी खुशाल म्हणतो. या देशातलं बरंचसं वन्यजीवरक्षणही शिकाऱ्यांच्या पैशावर चालतं. १९३७च्या कायद्याने बंदुकांवरचा आधीपासूनचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, पुढे धनुष्यांवरही ११ टक्के कर आला, आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर शिकारी म्हटलं की गुन्हेगारच डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे हे आपल्याला पटकन पटत नाही.

तर या वर्षी त्याने विचारलं, चार ओकना बोल्ट लावू का. मी नाही म्हटलं. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग तो रागावला, "झाडाला काय कळतं" म्हणाला. आता जेवणाच्या सुट्टीत तो दुसऱ्या टेबलावर बसतो.

त्याच्या त्या वाक्याने मला झोप लागली नाही. कारण हाच माणूस. मागच्या वर्षी त्याचा बाण हरणाला लागला, हरीण पडलं नाही, तर रात्री दोनपर्यंत टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरला. सापडेपर्यंत जेवला नाही. जखमी करून सोडून देणं हे त्याच्या धर्मात पाप. मग झाडाला वीस जखमा करून खिशात बोल्ट खुळखुळवत घरी जाताना हा धर्म कुठे जातो? आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्य बनवणारा शिकारी होता. विजेने मेलेला ओक करवतीने कापताना त्याने वर्तुळागणिक मागचा इतिहास मोजला. त्याचं ते पुस्तक १९४९मध्ये, तो गेल्यावर, आलं. इथल्या शिकाऱ्यांना त्याचा अभिमान आहे. असायलाच हवा. पण मग झाडही हिशोबात घ्या.

कोकणातले काका लगेच म्हणतील, "अरे, आपल्याकडे माडाला खाचा पाडतातच की चढायला." पाडतात, काका. माडाची खाच तर कधीच मिटत नाही, कारण माडाला सालीखाली नवं लाकूड घालणारा थरच नसतो. पण तिथे माड ज्याचा, पोट त्याचं. रोज चढणाऱ्याने आपल्या जिवासाठी केलेली ती तडजोड आहे, आणि तिला कुणी "माडाला काही होत नाही" असं म्हणत नाही. वर्षातून चार सकाळी लटकायला येणाऱ्या पगारदार माणसाला ती सबब शोभत नाही. पुण्या-मुंबईत रविवारची झोप मोडून झाडांचे खिळे उपटत फिरणारी पोरं मला जास्त जवळची वाटतात. जाहिरातीचा खिळा काय आणि शिकारीचा बोल्ट काय, झाडाच्या बाजूने दोन्ही सारखेच.

सॅडलचं सगळं मोठेपण यात होतं की माणूस आला आणि गेला हे झाडाला कळत नाही. भोक पाडलंत की तुम्ही पुन्हा जुन्या मचाणवाल्यांच्या रांगेत, फक्त मचाण दिसत नाही एवढंच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दोर वापरा, स्टिक वापरा, सराव करा. ते परवडत नसेल तर वर्षभर थांबा, किंवा जमिनीवर बसा. जमिनीवरूनही हरीण मिळतं, जरा जास्त शहाणपण लागतं इतकंच :)

मित्राला निरोप असा की माझ्या रानाचं फाटक उघडं आहे. ड्रिल गाडीत ठेवून ये.